काळ्या दोऱ्याची सळई

ओट्यावर शेंदूर फासलेल्या हातभर लांबीच्या दोन सळया, दोन धोंडे, एक घण, सात लिंबं आणि कोंबड्याचं मुंडकं. समोर एकशे चाळीसच्या आसपास माणसं. भागीबाई एकटी सगळ्यांपासून दूर, जमिनीवर.

दोन हजार एकचा डिसेंबर. इगतपुरीपलीकडचा एक पाडा. मी नाशिकमधल्या सातपूरच्या एका धातुप्रयोगशाळेत नुकतीच लागले होते. भागीबाई ही माझ्या सहकाऱ्याची, किशोरची मावशी, म्हणून त्याच्याबरोबर आले होते. पाड्यावरची दोन लेकरं जुलाबाने गेली होती. त्यातलं एक यशोदाबाईचं. डाकीण कोण, ते आज लोखंड सांगणार होतं.

"आभाळातून पडलेलं लोखंड हाय हे!" सावळीराम भगत गरजला. "निर्दोषाच्या नावानं वाकतं, डाकिणीच्या नावानं मोडतं!"

एका सळईला त्याने पांढरा दोरा बांधला, ती दोन धोंड्यांवर आडवी ठेवली आणि पाड्याच्या नावाने घाव घातला. सळई वाकली. दुसरीला काळा दोरा.

"भागीच्या नावानं!"

खण्‌! काचेसारखे दोन तुकडे.

बायांनी पोरं मागे ओढली. एक जण कोयत्याची धार अंगठ्याने चाचपत होता.

"अवसेच्या आत पाडा सोड," भगत म्हणाला. "नायतर पुढचं लोक बघतील."

मी तुकडे उचलले. शेंदराखाली आकडे ठोकलेले होते. वाकलेल्या सळईवरही तेच.

"बाबा, आभाळात नंबर ठोकतात का?"

"ए शहरवाली, देवाची थट्टा नको."

"मग या सळया तपासायला नेऊ?"

"ने दोन्ही. मोडलेलं काय जोडणार हायेस?"

तपासात दोन्ही सळया एकाच घाण्यातल्या, म्हणजे एकाच वेळी ओतलेल्या निघाल्या: बारा टक्के क्रोमियमचं, वाफेच्या नळ्यांना वापरतात तसलं उष्णता सोसणारं पोलाद. फरक होता भट्टीचा. हे पोलाद हजार अंशांवर तापवून नुसतं हवेत निववलं, तरी कार्बन आत कोंडला जातो आणि पोलाद कठीण, ठिसूळ होतं. तेच पुन्हा साडेसातशे अंशांवर ठेवलं, की कोंडलेला कार्बन क्रोमियमला धरून बारीक कणांच्या रूपात बाहेर पडतो. आतला ताण सुटतो, पोलाद वाकू लागतं. सूक्ष्मदर्शकाखाली वाकलेल्या सळईत हे कण दाण्यांच्या कडांवर दाटलेले दिसले. मोडलेलीत ते जवळजवळ नव्हतेच. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारख्या. भगताचा जावई अंबडच्या कारखान्यात अशाच भट्टीवर कामाला आहे, हे किशोरने शोधून काढलं.

मोडलेल्या सळईचा एक तुकडा मी साडेसातशे अंशांवर दोन तास ठेवला. दुसरा तसाच राहू दिला.

अवसेच्या आदल्या सकाळी आम्ही परत गेलो. भागीबाईची कौलं दगडांनी फुटली होती. विहिरीवर तिला बंदी होती. पाड्याला जमवून मी भट्टीचं सगळं सांगितलं. भगत हसला.

"हे दोन्ही तुकडे त्या मोडलेल्या सळईचेच आहेत, यातला एकच मी पुन्हा तापवलाय," मी म्हणाले. "टोकं जुळवून बघा."

यशोदाबाईने ती जुळवली. तडा बिनचूक बसला.

"मग बाबा, दोन्ही मोडाय पायजेत," ती भगताला म्हणाली. "का भागी अर्धीच डाकीण हाय?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"मोडतील! दोन्ही मोडतील!" भगत ओरडला.

"मी सांगते म्हणूनही मानू नका," मी म्हणाले. "स्वतः घाव घाला आणि बघा. आणि लेकरं जुलाबाने गेली असतील, तर चौकशी पाण्याची करा, बाईची नाही."

यशोदाबाईने भगताच्या हातातून घण घेतला.

"भागीच्या नावानं," ती म्हणाली.

तसाच ठेवलेला तुकडा पहिल्या घावाला मोडला. तापवलेला चार घावांनंतर अडतीस अंशांच्या कोनात वाकला, तडा नव्हता.