सेरेर बाई आदराने बोलली

“मलांग जार्जू, तुम्हाला बोलायला सवड आहे का?” तेनिंग म्हणाली, आणि माझ्या हातातली गाडीची किल्ली खाली पडायची तेवढी राहिली.

तुम्हाला! सवड! सावरीच्या झाडाखालच्या पारावर गावचा प्रमुख, म्हातारा मलांग, भाजलेले काजू फोडत बसला होता. त्याने मान वर केली, मागे वळून पाहिलं. ही बाई नक्की बोलते कोणाशी?

“फामारा,” त्याने मलाच विचारलं, “मी मेलो की काय रे? ही माझ्याशी अशी का बोलते?”

मी काय सांगणार, कपाळ! आम्ही जोला जमातीचे, आणि तेनिंग फाय सेरेर जमातीची. दोन बहिणींची लेकरं आम्ही, असं थोरले सांगतात, म्हणून आमच्यात थट्टेचं नातं. सेरेर माणूस जोलाच्या दारात आला की शिव्या घालतच येणार. रोज सकाळी तिला गावोगाव न्यायला मी हॉस्पिटलची गाडी काढतो तेव्हा ती मला “गुलामा, आंघोळ केलीस का आज?” असं विचारते, आणि मी तिला “बस, भातचोर बाई, बस” म्हणतो. यात कोणी रागवायचं नाही. दुसरा नियम त्याहून कडक. सेरेरने मालक म्हणून काही मागितलं तर जोलाने नाही म्हणायचं नाही, आणि उलटही तसंच. मागच्या सणाला माझा बोकड तिने असाच मागून नेला. मी हसत हसत दोरी हातात दिली. बायको माझ्याशी आठवडाभर बोलत नव्हती.

हे नातं आमच्या डॉक्टर सीसेंनाही पक्कं ठाऊक. हॉस्पिटलात लहान मुलांच्या मलेरियावर नव्या लसीचा अभ्यास चालला होता. आधी गावच्या प्रमुखाने होकार द्यायचा, मग आईबापांनी, मग सुई. आसपासची गावं तयार झाली होती, मलांग जार्जूचं गाव तेवढं अडून बसलं होतं.

“जोलांचं गाव ना? मग तेनिंगला धाडा की!” डॉक्टर म्हणाले. “तिला कोण नाही म्हणतोय?”

सगळे हसले. मीही हसलो. तेनिंग तेवढी हसली नाही.

वाटेत ती गप्प होती. तेनिंग आणि गप्प! मला वाटलं, दात दुखतोय.

“फामारा, तो बोकड तू मनापासून दिलास का रे?”

“मनापासून? तुझ्या मढ्यावर घातला!”

“मग झालं तर,” ती म्हणाली. “बोकड वेगळा, लेकरू वेगळं.”

तर अशी ती पारापाशी उभी होती. हात पुढे बांधलेले, मान थोडी खाली, शाळेच्या मास्तरांपुढे उभं राहावं तशी.

“आज मी थट्टेतली सेरेर म्हणून आले नाही,” ती म्हणाली. “ते नातं मी गाडीत ठेवून आलेय. आज मी हॉस्पिटलची बाई. मी विचारणार, आणि तुम्ही नाही म्हणू शकता.”

मग तिने सगळं सांगितलं. लस नवी आहे, काही पोरांना ताप येईल, मांडी दुखेल. पुरती चालते की नाही हे अजून कोणालाच माहीत नाही, तेच बघायचं आहे. पारावर हळूहळू माणसं जमली. म्हाताऱ्याने एकही काजू तोंडात टाकला नाही.

“म्हणजे आधी आमच्या पोरांवर बघायचं,” तो म्हणाला, “आणि मग जगाने घ्यायची.”

“कोणाच्या तरी पोरांवर बघावंच लागतं.”

“कोणाच्या तरी. माझ्याच का?”

“कारण मलेरिया इथे आहे.”

म्हातारा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. ती थट्टेत येईल, ‘गुलामा, चल ऊठ’ म्हणेल, अशी वाट बघत असावा. तिने बांधलेले हात सोडले नाहीत.

“मग नाही,” तो म्हणाला.

“बरं,” तेनिंग म्हणाली. “ऐकून घेतलंत, उपकार झाले.”

जोलाने सेरेरला नाही म्हटलेलं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

परतल्यावर डॉक्टर सीसे भडकलेच. “एक वाक्य बोलायचं होतं तुला, तेनिंग! एक!”

“तेच बोलायचं नव्हतं, डॉक्टर. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या ‘हो’ला काय चाटायचंय?”

मलाही तिचा राग आला होता, लपवत नाही. तिची थोरली लेक, सिगा, अशाच एका पावसाळ्यात मलेरियाने गेली. मीच गाडीतून आणत होतो, आणि पोर वाटेतच गेली. ही लस यावी म्हणून तेनिंगइतका जीव कोणाचा तुटत नसेल. आणि तीच बाई हातातलं गाव सोडून आली. मी तसं बोललोही. ती म्हणाली, “गाडी चालव.”

मग पाऊस लागला. भातखाचरं भरली, डास माजले, मुलांच्या वॉर्डात एका खाटेवर दोन दोन पोरं. अशात एका सकाळी फाटकात गाढवाची गाडी थांबली, आणि मलांग जार्जू नातवाला छातीशी धरून उतरला. नफान्सूचे ओठ पांढरेफटक पडले होते. श्वास असा चालला होता की बघवेना.

“मलेरियाने रक्त खाल्लंय,” नर्स म्हणाली. “आत्ताच्या आत्ता चढवायला हवं. रक्ताची बाटली एकही नाही. घरचं कोण आहे?”

बाप दूर शहरात कामाला, आई पोटुशी. म्हाताऱ्याने बाही वर केली, पण त्याचं वय बघून नर्सने ती खाली केली. माझं तपासलं, जुळलं नाही. तेनिंगला कोणी विचारलंच नाही. ती आपली आपण खुर्चीत जाऊन बसली, आणि तिचं जुळलं.

संध्याकाळपर्यंत पोराने डोळे उघडले. दुसऱ्या दिवशी शेंगदाण्याच्या कालवणासाठी रडायला लागलं, तेव्हा मी वॉर्डाबाहेर जाऊन नाक शिंकरलं.

“बघ रे गुलामा,” तेनिंग म्हाताऱ्याला म्हणाली, “माझं रक्त घालून तुझ्याच घरात तुझा मालक जन्माला घातला!”

एरवी म्हाताऱ्याने तिची सात पिढ्यांची भातचोरी काढली असती. आज तो नुसता तिच्या दंडावरच्या पट्टीकडे बघत राहिला.

पोराला घरी सोडायचा दिवस आला तेव्हा त्याने विचारलं, “ते तुमचं सुईचं... चालू आहे अजून?”

“आहे.” तेनिंग त्याच्या शेजारी बसली. “पण नफान्सूला नाही घेता येणार. दुसऱ्याचं रक्त चढलेलं पोर त्यात चालत नाही.”

“आणि गावातली बाकीची?”

“त्यांना येतं घेता.”

म्हातारा थोडा वेळ पोराच्या केसांतून हात फिरवत राहिला. मग हळूच म्हणाला, “मग हुकूम कर.”

“काय?”

“कर ना गं! अख्ख्या पारासमोर नाही म्हणालो मी. आता कुठल्या तोंडाने शब्द फिरवू? तू हुकूम केलास तर लोक म्हणतील, सेरेर बाईपुढे म्हाताऱ्याचं काही चाललं नाही. हसतील, विसरून जातील. माझी लाज राहील.”

“कर, बाई,” मी म्हणालो. “त्याचीच इच्छा आहे!”

तेनिंगने तोंड उघडलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि हुकूम अगदी ओठांवर आला होता, मला दिसत होता.

“नाही करणार,” ती म्हणाली.

“दुष्ट आहेस,” म्हातारा म्हणाला.

“आहे. आईबापांपुढे जाताना तुझा शब्द खरा लागेल मला. माझा नको, तुझा.”

मीच त्यांना गावी सोडायला गेलो, तेनिंगही बरोबर आली. वाटेत नफान्सू दिसेल त्या गाईला हाका मारत होता. घर आलं तरी म्हाताऱ्याने गाडी थांबवू दिली नाही. “पारापाशी,” म्हणाला.

तो उतरला, पोराला कडेवर घेतलं आणि डोक्यावरची टोपी काढली. पारावरची माणसं उठून उभी राहिली.

“मी नाही म्हणालो होतो,” तो म्हणाला. “ते माझं मीच म्हणालो होतो. आज हो म्हणतोय. माझ्या नातवाला ती सुई मिळणार नाही, त्याची वेळ मी घालवली. तुमच्यांना मिळेल. ज्यांना द्यायची त्यांनी द्या, ज्यांना नको त्यांनी नको म्हणा.”

“सेरेरने हुकूम सोडला वाटतं!” मागून कोणीतरी हसत म्हणालं.

“नाही,” म्हातारा म्हणाला. “तिने विचारलं होतं.”

तेनिंग गाडीतून उतरलीच नाही. डोक्याचा रुमाल सोडून तोंडाला लावून बसली होती. मी इंजिन बंद केलं. म्हातारा उन्हात तसाच उभा राहिला, एका हातात पोर आणि एका हातात टोपी, आयांच्या घोळक्यातून पहिली आई पुढे येईपर्यंत.