केसाहून बारीक रणजीतकाका

घणसोली गावातल्या मिथुनने दोन वर्षं खपून वेबसाइटांसाठी एक फॉन्ट बनवला होता. स्क्रीनवरची पट्टी बोटाने सरकवली की अक्षर बारीक-जाड होई, आणि सोबत रंगही फिक्या राखाडीपासून झगझगीत शेंदरीपर्यंत चढे. कौतुक पुष्कळ झालं, गिऱ्हाईक एकही आलं नाही. घर भाडेकरूंवर चालत होतं, म्हणून कोणी बोलत नसे.

पहिलं काम घरातूनच आलं. बहीण सुचिताच्या हळदीचं आमंत्रण, तेही लिंकवर. निमंत्रकांत वामनमामा आणि रणजीतकाका. दोघांचा हिशेब सरळ होता: आपलं नाव दुसऱ्याहून बारीक दिसलं, तर आपण येणार नाही. काकांवाचून एक वेळ निभावलं असतं; पण मामाशिवाय नवरीला बोहल्यावर नेणार कोण? आई, पुतळाबाय, त्याच घोरात होती.

मिथुनने घरटी वेगळी लिंक पाठवली. ज्याची लिंक, त्याचं नाव जाड आणि शेंदरी. सगळीकडे आनंद झाला. मग पावणे गावातल्या एका टपरीवर चहा पिता पिता मामांनी काकांच्या फोनात डोकावलं.

संध्याकाळी मिथुनला बोलावणं आलं. "काय रं, त्याच्या फोनान मी उपाशी का?"

"मामा, अक्षर तेच आहे, फक्त पट्टी..."

"मना नको शिकवू. मी येत नाय हलदीला. सांग तुज्या आयशीला."

मिथुनने मामांच्या फोनवर ती पट्टीच उघडून दिली. मामांचं स्वतःचं नाव आणखी जाड होईना, तेव्हा ते रणजीतकडे वळले. काका वाळले, फिकटले आणि एका जागी थांबले.

"अजून दिसतंय."

"याच्याखाली नाही जात, मामा. अक्षर तुटेल."

"मंग दोन वर्सां केलंस काय?"

इतकं नेमकं त्याला कोणी विचारलं नव्हतं. तो मामांच्याच ओटीवर लॅपटॉप उघडून बसला. शिरोरेघ खरवडली, वेलांटी तुटता तुटता सांभाळली. मामा शेजारी देखरेखीला: "अजून. आनखी थोरा." शेवटी काका वाचता येत होते, पण मुद्दाम शोधले तरच. आख्ख्या फॉन्टमधलं तेच टोक सर्वांत देखणं उतरलं.

हळदीला मामा सगळ्यांआधी हजर. ते रणजीतकाकांना खेटून बसले, तब्येतीची चौकशी केली, वाढप्याला थांबवून त्यांच्या पानात मटण घालायला लावलं. मधून मधून खिशातला फोन काढून त्यात काका शोधत, आणि पुन्हा वाढायला सांगत.