माझ्यात गूळ कोणी घातला

बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण परवा संजयने पाहुण्यांसमोर जी थाप मारली ती ऐकून राहवेना. मी त्याच्या बॅकयार्डात ओकच्या फांदीला टांगलेला हमिंगबर्ड फीडर. वर काचेची बाटली, खाली लाल थाळी, थाळीला चार भोकं. बाटलीत साखरपाणी भरायचं आणि पाखराने उडता उडता भोकात चोच घालून ते प्यायचं. एवढंच माझं काम, पण तेही या घरात मला धड करू दिलं नाही.

संजयची बायको शिवांगी हिने मला टेक्सासातल्या आमच्या शुगर लँड गावातल्याच एका दुकानातून आणलं, ते लेकीच्या, आन्याच्या, शाळेच्या प्रोजेक्टसाठी. फोटो काढले, आन्याला ए ग्रेड मिळाली आणि मला विसरले. दोन वर्षं कोरडा लटकलो. भोकांत कोळ्यांनी संसार थाटले. या माणसांना वस्तू आणायची हौस दांडगी. सांभाळायची म्हटलं की सगळ्यांना मीटिंग असते.

गेल्या सप्टेंबरात नागपूरहून संजयचे वडील आले. एकनाथकाका, चित्रकलेचे रिटायर्ड मास्तर. मुलगा-सून दिवसभर लॅपटॉपपुढे, नात शाळेत. ते तरी करणार काय? त्यांनी मला उतरवलं, जुन्या टूथब्रशने घासघासून धुतलं. माझ्या खोक्यावरची बारीक अक्षरं भिंग लावून वाचली. एक वाटी पांढरी साखर, चार वाट्या पाणी. मध नको, ब्राउन शुगर नको, पाखराला बाधते. म्हणजे गूळही नको, हे काकांना न सांगता कळलं.

पण घरात पांढरी साखर होती कुठे? शिवांगी तिला विष म्हणते. तिच्याकडे ऑरगॅनिक गुळाची पावडर. त्यात काकांना डायबेटीस, मग साखर मागायची कशी? इथे कोणी चालत नाही, तरी काका अर्धा तास चालत दुकानात गेले, पिशवी आणली आणि कपाटात स्वेटरखाली ठेवली. अहो काका, सांगायला काय झालं होतं? पण मुलाच्या घरात त्यांना पाणी मागायचाही संकोच.

थंडी पडली, नेहमीची पाखरं निघून गेली, तरी काका मला भरत राहिले. आणि जानेवारीत तो आला. अंगठ्याएवढा, गळा निळाभोर, चोच लाल आणि टोकाला काळी. काका श्वास रोखून उभे. चार दिवस त्यांनी वहीत त्याची चित्रं काढली.

"संजू, बघ तरी. याची चोच लाल आहे रे."

"बाबा, थंडीत इथे हमिंगबर्ड नसतात. लाइटमुळे दिसलं असेल," संजय स्क्रीनवरून मान न उचलता म्हणाला.

अरे, ज्या माणसाने आयुष्यभर पोरांना रंग ओळखायला शिकवलं, त्याला तू लाइट सांगतोस? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शेवटी आन्याने चित्राचा फोटो इथल्या पक्षीमंडळाला पाठवला. उत्तर आलं, "फार दुर्मीळ असावा, शनिवारी सकाळी बघायला येते. ग्लोरिया." काकांनी ते तीन वेळा वाचलं. त्यांचा शब्द खरा आहे, हे सांगणारं कोणीतरी येणार होतं.

आणि गुरुवारी कपडे ठेवताना शिवांगीच्या हाताला ती पिशवी लागली.

"बाबा! शुगर अडीचशे आणि तुम्ही चोरून साखर खाता?"

"अगं, ती माझी नाही. त्या पाखराची आहे."

"काहीतरी पटेल असं तरी सांगा यार," संजय हसला. अख्खी पिशवी सिंकमध्ये गेली. काका मान खाली घालून उभे राहिले, शाळेत पकडलेल्या पोरासारखे.

शुक्रवारी दुपारी मी रिकामा झालो. शिवांगी मनाने वाईट नाही. सासरे रुसले म्हणून तिने स्वतः मला भरलं, गुळाच्या पाण्याने. काका धावत आले. "गूळ नको! त्याला बाधेल!" मला उतरवायला त्यांनी हात वर केला, तर संजयने तो धरला. "ड्रामा करू नका बाबा. नॅचरल आहे ते."

संध्याकाळी तो आला. मला ओरडता येत नाही हो. तो तीनदा प्यायला, आणि पाजलं मीच.

शनिवारी ग्लोरियाबाई दुर्बीण घेऊन दोन तास बसल्या. तो आला नाही. उठताना त्यांनी माझ्यातलं तपकिरी पाणी पाहिलं, वास घेतला आणि चेहरा उतरला.

"हे कोणी भरलं?"

संजयने बायकोकडे पाहिलं, मग बापाकडे. "माय डॅड. म्हातारे आहेत, त्यांना माहीत नसतं."

काकांना इंग्रजी कळतं. मला वाटलं, आता तरी बोलतील. ते हात जोडून म्हणाले, "येस मॅडम. माय मिस्टेक."

बाईंनी वही चाळली. "हा ब्रॉड-बिल्ड जातीचा हमिंगबर्डच. ज्याने काढलाय त्याची नजर पक्की आहे. पण नुसत्या चित्रावर नोंद नाही होत." वही कोणाची, हे संजयने सांगितलं नाही. काकांनीही नाही.

तो परत आला नाही. मेला की उडून गेला, कोण जाणे. काकांनी तिकीट बदलून घेतलं आणि महिन्याभराने जायचे ते त्याच आठवड्यात नागपूरला गेले.

मला तेव्हापासून कोणी धुतलेलं नाही. गूळ काळा पडलाय, मुंग्या लागल्यात. आणि परवा पॉटलकच्या पार्टीत संजय माझ्याकडे बोट दाखवून सांगत होता, "इथे फार रेअर हमिंगबर्ड आला होता. मीच ओळखला. त्याला नजर पक्की लागते." लोक वा वा म्हणाले. आन्या तेवढी ताट तिथेच ठेवून आत निघून गेली.

संजय, मला उतरव आणि कचऱ्यात टाक, माझी काही तक्रार नाही. पण आधी नागपूरला फोन कर. गूळ कोणी घातला होता, ते एकदा तुझ्या तोंडाने सांग. तुझा बाप स्वतःहून कधीच विचारणार नाही.