नारिंगी पेटी आणि हिरव्या बांगड्या

मित्रांनो, मला घडवलं ते मासेमारीसाठी, पण मी आयुष्यात एकही मासा पाहिला नाही. प्लॅस्टिकची, नारिंगी रंगाची, आता कडा झिजलेली अशी मी एक पेटी आहे. माझं झाकण उघडलं की आतले तीन कप्पे जिन्याच्या पायऱ्यांसारखे वर येतात. त्यांत गळ, दोरे आणि शिशाचे गोळे राहतील असा माझ्या कारखान्याचा समज होता. पण १९८३ साली टेक्सासमधल्या एका मोठ्या, दमट शहराच्या अग्निशमन दलाने मला विकत घेतलं आणि माझ्या कप्प्यांत औषधं भरली.

त्या शहरात आगीचा बंब आणि अँब्युलन्स एकाच ठाण्यात राहत असत. अँब्युलन्सवर जो पॅरामेडिक असतो, तो डॉक्टर नसतो आणि नुसता ड्रायव्हरही नसतो. माणूस कोसळतो तिथपासून हॉस्पिटलच्या दारापर्यंत जी काही मिनिटं असतात, ती त्याच्या हातात असतात. मी त्या हातातली पेटी होते.

माझं नशीब असं, की पुढच्याच वर्षी मला मृणालिनी मिळाली. ती नऊ वर्षांची असताना आईवडिलांबरोबर पुण्याहून इथे आली होती. ठाण्यात कोणालाच तिचं नाव उच्चारता येईना, म्हणून ती ‘लिनी’ झाली. गाडीवरचा तिचा जोडीदार रॉय हा सहा फुटांचा, लाल मिशांचा माणूस. पहिल्या दिवशी मला तिच्या हातात देताना तो म्हणाला, “सांभाळ, ही पेटी तुझ्याहून जड आहे.”

“मग ही मी उचलते,” ती म्हणाली. “तू दारं उघडायचं काम कर.”

त्यानंतर रॉय खरोखरच दारं उघडत असे.

मृणालिनीला एकाच गोष्टीची लाज बाळगायला लावली होती, आणि ती गोष्ट म्हणजे तिचं काम. त्यांच्या ओळखीच्या मराठी घरांत मुलं डॉक्टर होत किंवा इंजिनियर होत. तिची आई, नीलाताई, सगळ्यांना सांगत, “मृणालिनी ना? ती हॉस्पिटलमध्ये असते.” हे अगदीच खोटं नव्हतं. दिवसातून सात-आठ वेळा ती हॉस्पिटलमध्ये असायचीच, पाच-पाच मिनिटं. ऐकणारे मात्र समजत, की पोरगी डॉक्टर होतेय. तिचा गणवेश कधी घरी गेला नाही. ती ठाण्यातच कपडे बदलायची.

१९८६च्या सप्टेंबरातला एक शनिवार मी विसरू शकत नाही. दुपारचा एक वाजला होता. रेडिओवर निरोप आला: स्त्री, वय पन्नास, बेशुद्ध. पत्ता ऐकताच रॉयने नकाशा उघडला. मृणालिनी म्हणाली, “राहू दे. मला ते घर माहीत आहे.”

ते घर प्रतापकाकांचं होतं. प्रतापकाका म्हणजे हृदयरोगाचे मोठे डॉक्टर, तिच्या वडिलांचे जवळचे मित्र. त्यांनीच तिला या देशात सायकल शिकवली होती. त्यांच्या पत्नी सुलभाकाकूंच्या हातचं ती लहानपणापासून जेवली होती. मला धरलेली तिची बोटं गाडीतच घामेजली होती.

दुसऱ्या दिवशी त्या घरी गणपती बसायचा होता. तीसेक माणसं जमली होती. दारात चपला-बुटांचा ढीग होता. आम्ही घाईने आत शिरलो, तर कोणीतरी सवयीने ओरडलं, “अहो, बूट बाहेर!”

“अरे, अँब्युलन्सवाले आहेत ते!” दुसरं कोणीतरी म्हणालं.

सुलभाकाकू स्वयंपाकघरात जमिनीवर पडल्या होत्या. अंगावर हिरवी साडी, हातात हिरव्या बांगड्यांचा भरगच्च चुडा. हातपाय मधूनच झटके देत होते. काकांनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. मान वर न करता ते इंग्रजीत म्हणाले, “हार्ट आहे. गेल्या महिन्यात ईसीजी बदलला होता. लिडोकेन द्या आणि निघा.” लिडोकेन म्हणजे हृदयाचे बिघडलेले ठोके ताळ्यावर आणणारं औषध.

“काका, आधी मला बघू द्या.”

मराठी ऐकून त्यांनी वर पाहिलं. “मृणालिनी? तू... तू अँब्युलन्स चालवतेस?”

“पॅरामेडिक आहे, काका.”

मागे कुजबुज झाली. फ्रीजपाशी नीलाताई उभ्या होत्या. त्यांच्या हातात पूजेच्या पत्रीचं ताट होतं आणि नजर ताटात होती.

रॉयने काकूंच्या छातीला तारा लावल्या. पडद्यावर रेघ उड्या मारू लागली. “वेगात आहेत ठोके,” तो म्हणाला, “पण एका लयीत आहेत, लिनी. हार्टचं वाटत नाही.”

मृणालिनीने काकूंच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं आणि घामाने निथळत होतं. “काका, शुगर तर नाही?”

“प्रश्नच नाही! रोज सकाळी सातला मी समोर उभा राहून इन्सुलिन घ्यायला लावतो. आठला ती नाश्ता करते. बावीस वर्षं हार्ट बघतोय मी. तू मला शिकवणार?” काकांचा आवाज फाटला. “लिडोकेन दे म्हणतो ना!”

मित्रांनो, आमच्या कामात एक नियम होता. जागेवर एखादा डॉक्टर हजर असला आणि हुकूम सोडू लागला, तर त्याच्यासाठी माझ्या झाकणात एक कार्ड असे. त्यावर लिहिलेलं असे, की रुग्णाची सगळी जबाबदारी घ्यायची असेल तर सही करा आणि हॉस्पिटलपर्यंत गाडीतून सोबत या. मृणालिनीने ते कार्ड अनोळखी डॉक्टरांना बिनधास्त दिलं होतं. पण हे काका होते. ज्यांच्या पाया पडायचं, त्यांच्यापुढे कागद कसा धरायचा? तिचा हात माझ्या झाकणावर थबकला. मग तिने कार्ड काढलं.

“काका, चार्ज तुम्हाला घ्यायचा असेल तर इथे सही करा. मग औषध तुमच्या हुकमाने देईन. नाहीतर मला माझं काम करू द्या.”

काकांनी कार्ड घेतलं. पेनही घेतलं. सही मात्र केली नाही.

तेवढ्यात तिने काकूंच्या बोटाला टोचून रक्ताचा थेंब साखर मोजायच्या एका पट्टीवर घेतला होता. त्या काळी आकडे दाखवणारं यंत्र आमच्याकडे नव्हतं. एक मिनिट थांबायचं, पट्टी पुसायची, आणखी एक मिनिट थांबायचं, मग बाटलीवरच्या रंगांशी रंग ताडून पाहायचा. दोन मिनिटं म्हणजे काहीच नाही असं तुम्हाला वाटेल. पण समोर माणूस झटके देत असताना, तीस जण पाहत असताना, ती दोन मिनिटं सरता सरत नाहीत.

“काकू आज जेवल्या का?” पट्टी हातात धरून तिने विचारलं.

“असेल की जेवली,” मागून कोणीतरी म्हणालं.

“जेवताना पाहिलं का कोणी?”

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मृणालिनीची नजर आईच्या हातातल्या पत्रीवर गेली.

“आई, आज हरतालिका आहे ना?”

नीलाताईंनी काकांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. “तिने मला शपथ घातलीय, मृणाल.”

“आई! शपथ सुटली म्हण, आणि सांग.”

“सुटली,” नीलाताई पुटपुटल्या, आणि मग त्यांचा बांध फुटला. “काल रात्रीपासून पोटात काही नाही. पाण्याचा थेंबसुद्धा नाही. नाश्त्याची बशी नुसती मांडून उचलली. इन्सुलिन मात्र घेतलं. म्हणाली, हे समोर उभे होते, नाही कसं म्हणू?”

“उपास बंद करायला सांगितले होते मी!” काका ओरडले.

“म्हणूनच लपवलं ना, भाऊजी! तुमच्याच आयुष्यासाठी चाललं होतं ते.”

इन्सुलिन नवऱ्याच्या शब्दाखातर आणि उपासही नवऱ्यासाठीच. दोन्ही एकत्र काकूंच्या जिवावर उठले होते.

मृणालिनीने पट्टी बाटलीला लावली. बाटलीवरच्या सगळ्यात खालच्या रंगापेक्षाही ती फिकट होती, म्हणजे रक्तात साखर जवळजवळ उरलीच नव्हती. तिने ती काकांपुढे धरली. काकांनी एकदाच पाहिलं, आणि त्यांच्या ओठांतून फक्त एवढंच निघालं, “साखर दे. लवकर दे.”

माझ्या मधल्या कप्प्यातून साखरेच्या दाट द्रावणाची जाड सिरिंज निघाली. पण ते द्यायला शीर हवी. पाण्याविना काकूंच्या शिरा चपट्या झाल्या होत्या. उजव्या कोपरातली शीर सुई लागताच फुटली. डाव्या कोपरात सापडलीच नाही. मनगटाच्या वर एक निळी रेघ तेवढी दिसत होती, नेमकी बांगड्यांखाली. आदल्या दिवशी घट्ट भरलेल्या त्या बांगड्या ना वर सरकेनात, ना खाली.

रॉयने कात्री उलटी धरली, तिच्या मुठीने काच फोडायला. तशा चार बायका एकदम ओरडल्या, “अहो नको! आज नको! सवाष्ण आहे ती!”

रॉयला शब्द कळले नाहीत, पण त्याचा हात थांबला. आणि मला सांगायलाच हवं, मृणालिनीचाही थांबला. किती झालं तरी ती त्याच घरांत वाढली होती. काकूंचा श्वास आता घरघर करू लागला होता.

“द्या इकडे.”

प्रतापकाकांनी कार्ड बाजूला ठेवलं. रॉयच्या हातातून कात्री घेतली. ओट्यावरचा टॉवेल बायकोच्या मनगटाभोवती गुंडाळला, आणि आपल्याच हाताने तिच्या बांगड्या वाढवल्या. आपल्याकडे बांगड्या फोडल्या असं म्हणत नाहीत, वाढवल्या म्हणतात. टॉवेलच्या आत काच कचकचत राहिली. एक बाई रडू लागली. काकांनी काचा झटकल्या, मनगट घट्ट धरलं आणि म्हणाले, “घाल सुई. मी हलू देत नाही.”

सुई बसली. पाकासारखं ते दाट औषध ती हळूहळू आत सोडू लागली. अर्धी सिरिंज संपली, काही नाही. पाऊण संपली, काही नाही. मग झटके थांबले. श्वासाची घरघर थांबली. काकूंनी डोळे उघडले, भोवतालच्या तीस तोंडांवरून नजर फिरवली, आणि ती नीलाताईंवर स्थिरावली.

“सांगितलंस ना शेवटी!” काकू म्हणाल्या.

कोण हसत होतं आणि कोण रडत होतं, सांगणं कठीण होतं. काकूंनी हात पाहिला. “अहो, माझ्या बांगड्या...”

“मी वाढवल्या. संध्याकाळी नव्या भर.”

“आणि उपास?”

“मोडला. पाप मला लागू दे.”

“काय म्हणतायत?” रॉयने हळूच विचारलं.

“म्हणतायत, नवरा फार बोलतो,” मृणालिनीने सांगितलं, आणि मग तिने डोळे पुसले.

काकूंना गाडीत घेत होते तेव्हा दारातल्या एका बाईंनी विचारलं, “नीला, ही मृणालिनीच ना? हॉस्पिटलमध्ये असते म्हणाली होतीस?”

नीलाताईंनी लेकीच्या गणवेशाकडे पाहिलं. घामाने तो पाठीला चिकटला होता. “असते ना,” त्या म्हणाल्या. “पण हॉस्पिटलच्या आधी असते.”

मी तिच्याबरोबर आणखी काही वर्षं काम केलं. माझ्या झाकणावर ओरखडे पडले, एक बिजागरी निसटली. मग कापडी पिशव्या आल्या आणि आम्हा पेट्यांची गरज संपली. टाकाऊ सामानातून मृणालिनीने मला मागून घेतलं आणि घरी नेलं. तिथे माझ्यात सुया-दोरे आले, पुढे खिळे-स्क्रू आले, आणि शेवटी मी गॅरेजमधल्या फळीवर जाऊन बसले. ती निवृत्त झाली. वर्षानुवर्षं मला कोणी उघडलं नाही. मला राग नव्हता. वापरून झालेल्या वस्तूचं असंच होतं.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत मात्र ती पुन्हा माझ्याकडे येऊ लागली. दिवसातून एकदा, मग दोनदा. माझं झाकण उघडायची, वरच्या कप्प्यातून ॲसिडिटीच्या गोळ्यांचं पाकीट काढायची, दोन गोळ्या चघळायची आणि छाती चोळत थोडा वेळ उभी राहायची. रिकामं पाकीट खालच्या कप्प्यात दडपायची. घरातून कोणी हाक मारली की “आले, काही नाही!” म्हणत जायची.

हे दुखणं कशाचं असू शकतं, हे तिच्याइतकं त्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. आणि ते फक्त मी पाहत होते. मला झाकण आहे, जीभ नाही.

मार्चच्या नऊ तारखेला ती हृदयविकाराच्या झटक्याने गेली. दोन आठवड्यांनी तिच्या मुलीने मला फळीवरून खाली घेतलं. खालच्या कप्प्यात तिला अकरा रिकामी पाकिटं सापडली. ती गॅरेजच्या जमिनीवर बसली आणि स्वतःशीच बोलत एकेक पाकीट सरळ करत राहिली. आई जाण्याआधीच्या तीन आठवड्यांत ती तिच्याशी रोज फोनवर बोलत होती. आई तिला विचारायची, जेवलीस का, झोप झाली का, खोकला गेला का. उलट तिनेही एकदा विचारलं होतं, आवाज दमलेला वाटतो म्हणून. आई म्हणाली, काही नाही. आणि आईनेच विषय बदलला होता.

मित्रांनो, मला झाडूनपुसून ठेवा असं मी म्हणणार नाही. माझं काम झालं आहे. पण तुमच्या घरात एक माणूस असेल, जे सगळ्यांची विचारपूस करतं आणि ज्याची विचारपूस करायचं कोणाच्या लक्षात येत नाही. आज त्याच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा. ते म्हणेल, काही नाही.

तेवढ्यावर उठू नका.