अब्राहामची फळी

मित्रांनो, नाक मुरडू नका. माझ्या अंगाला जळक्या तेलाचा वास येतो, हे मलाही ठाऊक आहे. मी एक जुनी फळी आहे. पण ज्या अब्राहाम साळव्यांचे नाव आज गोल्फ खेळणारे बडे बडे लोक आदराने घेतात, त्यांची वाट मी सारखी केली आहे. तेव्हा थोडा तोरा मिरवला तर चालवून घ्या.

दारूगोळ्याचे एक रिकामे खोके मोडून भिंगारच्या सुताराने मला घडवले. खाली गोणपाट ठोकले, वर लांब दांडा बसवला आणि लष्कराच्या गोल्फ मैदानावर माझी नेमणूक झाली. या खेळात काठीने चेंडू टोलवत दूरच्या एका छोट्या खळग्यात घालायचा असतो. ज्याचे टोले कमी, तो जिंकला. मोठ्या शहरांत खळग्याभोवती मऊ हिरवळ असते. आमच्या मुरमाड माळावर हिरवळ कुठली? इथे खळग्याभोवती वाळूचे गोल अंगण असते आणि वाळू उडू नये म्हणून तिच्यात गाड्यांचे जळके तेल कालवतात. त्याला सगळे ‘ब्राऊन’ म्हणतात. वाळूत बुटांचे ठसे उमटतात. म्हणून शेवटचा टोला मारण्याआधी मला ओढून चेंडूपासून खळग्यापर्यंतची वाट सारखी करायची, असा आमच्याकडचा रिवाज.

अब्राहामला मी त्याला मिसरूड फुटले तेव्हापासून ओळखते, म्हणून एकेरीतच बोलते. तो इथे साहेबांच्या काठ्यांची पिशवी वाहायला आला आणि बघता बघता साहेबांनाच खेळ शिकवू लागला. पुढे तो ‘प्रोफेशनल’ झाला, म्हणजे खेळ हीच त्याची भाकरी. महूच्या लष्करी छावणीतली स्पर्धा त्याने जिंकली, नाशिकजवळच्या देवळालीची जिंकली. दर विजयानंतर मी मनातल्या मनात फुगत असे. काय त्याचा हात! चेंडू जणू शिकवल्यासारखा खळग्यात उतरायचा.

पुण्याची मोठी स्पर्धा तेवढी राहिली होती. ती जिंकली की देशभरातून बोलावणी येणार, हे सगळ्यांना माहीत होते. बहात्तर सालच्या सुरुवातीला तो पुण्याला गेला. पिशवी घेऊन आमचा माळी भिमाजी सोबत होता. परत आल्यावर भिमाजी माझ्याशेजारी डोक्याला हात लावून बसला.

“शेवटच्या खळग्यापातुर हाच पुढं हुता,” तो दुसऱ्या माळ्याला सांगू लागला. “अन् इथल्या सवयीनं गवतावरनं हात फिरवून वाट सारकी केली की! तिथं ते चालत न्हाई. दंड बसतो. कुनी बघितलं नव्हतं, ह्यानं सोताच पंच साहेबाला सांगितलं. एका टोल्यानं हारला. गप बसला असता तर?”

अब्राहाम मागेच उभा होता. तो म्हणाला, “मामा, वाळू असती तर हाताचा माग दिसला असता. गवतावर दिसला न्हाई, म्हनून काय झालं?”

मला त्याचा अभिमान वाटला. पण दुसऱ्या दिवशी त्याने मला उचलले आणि बाभळीला टेकवून ठेवले. “आता वाट साफ करून खेळायचं न्हाई,” एवढेच तो म्हणाला.

ते वर्ष दुष्काळाचे होते. पिण्याच्या पाण्याचे हाल, तिथे सरावाला हिरवळ कोण देणार? अब्राहाम ठशांनी तुडवलेल्या वाळूवरच खेळत राहिला. चेंडू उसळायचा, भलतीकडे वळायचा, आणि तो पुन्हा मारायचा. हळूहळू कोणता खड्डा चेंडूला कुठे नेतो, ते त्याला न मारताच कळू लागले. मी ऊन खात उभी होते. माझे गोणपाट उसवले, दांडा सैल झाला. खरे सांगते, मला फार वाईट वाटले. माझ्यामुळेच तो हरला, असे वाटून मी झुरत होते.

पुढच्या वर्षी त्याने पुणे जिंकले! सारे भिंगार मैदानावर लोटले. हार, गुलाल, ताशे! लोक चपला-बुटांनिशी ब्राऊनवर नाचले. सगळे पांगल्यावर अब्राहामने चषक भिमाजीच्या हातात दिला, बाभळीपाशी येऊन माझा दांडा ठोकून घट्ट केला आणि मला वाळूवर ओढू लागला.

“आरं, तू आता चँपियन! ठिव ती फळी, मी करतो,” भिमाजी म्हणाला.

“माझा खेळ झाला, मामा. मागनं येनाऱ्याचा व्हायचाय.”

त्या संध्याकाळी मला माझे काम समजले. आज त्याला दिल्ली-कलकत्त्याची बोलावणी येतात, पण इथे असला की खेळ संपल्यावर तो मला एकदा तरी ओढतोच.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणत नाही. जेवून उठताना, वर्गातून निघताना, मैदान सोडताना एकदा मागे वळून बघा. तुमच्यानंतर तिथे कोणीतरी येणार आहे. त्याची वाट तेवढी सारखी करून जा.