सोळा पानांचा मालक

जज्जसाहेब आयुष्यात कधी कोर्टाची पायरी चढले नव्हते. चाळीस वर्षं त्यांनी पुस्तकं बांधली. फाटलेली, उंदरांनी कुरतडलेली, भिजून फुगलेली, जी येतील ती. पुढच्या खोलीत कटिंग मशीन आणि खळीचं पातेलं, मागच्या खोलीत संसार. तेव्हा त्यांना सगळे नुसतं 'बाइंडर' म्हणत, आणि तेही काम उशिरा झालं की जरा चढ्या आवाजात. 'जज्जसाहेब' ही पदवी म्हातारपणी मिळाली, आणि तीसुद्धा फोनवर.

ती दिली 'संशयित मंडळा'नं. जुन्या रहस्यकथांचं वेड लागलेल्या दोनशे चाळीस माणसांचा हा ग्रुप. बंगल्यात खून, आतून लावलेली कडी, बंद पडलेलं घड्याळ आणि शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून खुन्याकडे दाखवलेलं बोट, एवढं मिळालं की ही मंडळी जेवणखाण विसरत. एकमेकांना ती 'संशयित' म्हणत. नियम पुष्कळ होते, पण खरा एकच: पुस्तकाचा शेवट कुणीही, कधीही फोडायचा नाही. फोडला की फाशी, म्हणजे ग्रुपमधून कायमची हकालपट्टी.

आणि चुकून कुणी फोडलाच तर? त्यासाठी एक रीत होती. तो मजकूर न वाचता, ते चित्र न उघडता प्रत्येकानं लिहायचं, 'डोळे मिटले'. मग जज्जसाहेब येऊन तो मजकूर पुसत आणि गुन्हेगाराला लटकवत. एकदा एका दंतवैद्यानं पेशंटच्या तोंडात एक हात घालून दुसऱ्या हातानं भलतंच काही पाठवलं, तेव्हा पाच मिनिटांत शंभर जणांनी डोळे मिटले होते. दंतवैद्यानं हातापाया पडून पाहिलं. उपयोग शून्य.

जज्जसाहेबांना हा मान फुकट मिळाला नव्हता. त्यांच्याकडे सोळा पानं होती.

त्याचं असं झालं. बत्तीस वर्षांपूर्वी वाचनालयातून एक खिळखिळी कादंबरी बांधायला आली, 'निळ्या बरणीतलं मीठ'. बाजारातून केव्हाच गायब झालेली. बाइंडरनं ती उसवली, फर्मे सुटे केले (सोळा पानांच्या एका घडीला फर्मा म्हणतात) आणि जेवणाच्या सुट्टीत वाचायला घेतली. शेवटचा फर्मा वाचून त्यांनी तो खळीच्या पातेल्याखाली सरकवला, आणि तो तिथेच राहिला. पुस्तक शिवून, पुठ्ठा चढून परत गेलं. फर्मा आठ दिवसांनी सापडला. नेऊन द्यावा असं त्यांच्या मनात आलंही होतं. पण त्याआधी ग्रंथपालच तणतणत दारात आला.

"शेवट कुठंय? आमच्या वाचकांनी काय तुमच्याकडे येऊन विचारायचं, खून कुणी केला ते?"

बाइंडरनं मागच्या खोलीकडे मान वळवली. तिथं बायको मांडीवर पुस्तक घेऊन शिलाई करत बसली होती. सगळी शिलाई तीच करायची.

"काय करणार साहेब," ते म्हणाले, "बायकांची कामं. हिला वीसच्या पुढे मोजता येत नाही."

बायकोनं दोरा तोडला आणि पुढचं पुस्तक मांडीवर घेतलं. पुढची अकरा वर्षं तो ग्रंथपाल प्रत्येक पुस्तकाचे फर्मे तिच्यासमोर मोठ्यानं मोजून द्यायचा आणि मोजून घ्यायचा. एक, दोन, तीन. लहान पोराला शिकवावं तसं.

नंतर कुणीतरी वाचनालयातल्या त्या प्रतीच्या पानापानाचे फोटो काढून इंटरनेटवर चढवले. हजारोंनी ती कादंबरी वाचली आणि शेवटाला येऊन सगळे आपटले. तेव्हा निवृत्त बाइंडरनं आपल्या फर्म्याच्या पहिल्या पानाचा फोटो टाकला. खाली लिहिलं, 'उरलेली पानं माझ्याकडे आहेत. रद्दीत मिळाली.' रात्रीत माणूस मोठा झाला.

पानं त्यांनी कुणालाच दाखवली नाहीत. ज्याला हवं त्यानं आपला अंदाज ग्रुपवर मांडावा: खुनी कोण, का, आणि कुठल्या पानावरच्या खुणेवरून. अंदाज म्हणजे काही शेवट नव्हे, त्यामुळे नियम मोडत नसे. जज्जसाहेब दिवसभर ताटकळत ठेवून संध्याकाळी एक शब्द लिहीत. चूक. नऊ वर्षं झाली, एकाचंही बरोबर आलं नव्हतं. प्रत्येक 'चूक' लिहिताना त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढे. बायको कधी विचारायची, "काय चाललंय एवढं?" ते म्हणत, "तुला नाही कळायचं त्यातलं."

मग आल्या शिवणमावशी. शाळेचे गणवेश शिवण्यात जन्म गेलेल्या, ग्रुपमधल्या सगळ्यांच्या लाडक्या. एका सकाळी त्यांनी लिहिलं:

'जज्जसाहेब, डॉक्टरांनी महिना दिलाय, तोही हात राखूनच. चौदा वर्षांची होते तेव्हा ही कादंबरी शेजारणीकडून मागून आणली होती. अर्धी झाली न् तिनं परत नेली. आता पुन्हा वाचली. जायच्या आधी एवढं एकच जाणून घ्यायचंय. माझा अंदाज ऐका. खुनी आंधळी आत्या. ती आंधळी नाहीच. पान एकशे बारा बघा. पुतण्याच्या तपकिरी कोटाचं बटण ती शिवून देते, आणि दोरा तपकिरी आहे. डब्यात काळी, पांढरी, तपकिरी अशी तीन रिळं आहेत, हे पान चाळीसवर आहे. रीळ हाताला सारखंच लागतं हो. रंग बोटांना कळत नाही. मी पन्नास वर्षं शिवलंय.'

आपण काही त्या ग्रुपात नाही, तेव्हा सांगून टाकायला हरकत नाही. खुनी आंधळी आत्याच होती. सोळा पानांमधल्या अकराव्या पानावर निरीक्षक तेच बटण टेबलावर ठेवतो आणि म्हातारी त्याच्याकडे बघते.

जज्जसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. दिवसभर ते खोलीत येरझाऱ्या घालत राहिले. बरोबर म्हणावं, तर संपलं. शेवट सगळ्यांचा झाला. मग त्या कपाटातल्या सोळा पानांना कोण विचारतो, आणि त्यांच्या मालकाला तरी कोण? उद्यापासून पुन्हा नुसता बाइंडर, तोही दुकान बंद झालेला. आणि हे सगळं कुणामुळे? तर एका गणवेश शिवणाऱ्या बाईमुळे.

संध्याकाळी त्यांनी लिहिलं, 'चूक.'

थोड्या वेळानं उत्तर आलं. 'बरं. पुन्हा वाचते.'

मावशींनी खरंच पुन्हा वाचली. दवाखान्यातल्या खाटेवर, सुया टोचलेल्या हातात फोन धरून. पंधरा दिवसांनी दुसरा अंदाज आला: खुनी कादंबरीतला डॉक्टर. त्यात ना खुणा होत्या ना कारण, नुसती ओढाताण. जज्जसाहेबांनी 'चूक' लिहिलं, आणि या खेपेला ते खरं होतं म्हणून त्यांना चक्क बरं वाटलं. मावशींचा शेवटचा मजकूर त्याच दिवशीचा. 'आयुष्यभर माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा होता. तोही गेला म्हणायचा. नमस्कार सगळ्यांना.'

चार दिवसांनी त्या गेल्या. ग्रुपनं फुलं वाहिली, म्हणजे फुलांची चित्रं. सगळ्यात मोठा हार जज्जसाहेबांचा.

मावशींचा मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. आईनं त्याला सांगून ठेवलं होतं, कामाला जाशील तिथं पुस्तकांचं जुनं कपाट दिसलं तर नजर टाक. दिवस झाल्यावर तो कामावर परत गेला, आणि एका जुन्या इमारतीत सहाव्या मजल्यावरच्या वकिलाच्या घरी पाणी प्यायला थांबला. समोरच्या फळीवर 'निळ्या बरणीतलं मीठ'. पूर्ण. त्यानं उभ्या उभ्या शेवटची पानं वाचली आणि वकिलाला विचारून फोटो काढले. बाहेर येऊन जज्जसाहेबांना फोन लावला.

"काका, आई बरोबर होती."

जज्जसाहेबांनी उठून दार लोटलं.

"तुमच्याकडे पानं आहेत. तुम्हाला माहीत होतं."

"हे बघ, नियम म्हणजे नियम..."

"मला भांडायचं नाही काका. शेवटचे चार दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मला म्हणाली, माझं डोकं गेलं रे. तुम्ही ग्रुपवर फक्त एक ओळ लिहा, की ती बरोबर होती. शेवट नका सांगू, बाकी काही नको."

"विचार करतो," जज्जसाहेब म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. पुढचे तीन दिवस त्याचे फोन उचलले नाहीत.

रविवारी सकाळी मुलगाच आईच्या फोनवरून ग्रुपवर आला. आधी एक चित्र, खाली ओळ: 'कादंबरीचा शेवट असलेलं पान सापडलं. माझ्या आईसाठी एकदा वाचा.'

जज्जसाहेब खुर्चीत होते, फोन चार्जरला लावून टेबलावर ठेवलेला. ते उठेपर्यंत बायको चष्मा लावून त्यावर वाकली होती. "हे काय आलंय?" म्हणत तिनं ते चित्र उघडलं.

"दे इकडे!"

तिनं दिला, पण लगेच नाही. आधी वाचून संपवलं.

जज्जसाहेबांची पाचावर धारण बसली होती. आता संपलं. दोनशे चाळीस माणसं ते पान वाचणार, मावशींचा अंदाज आठवणार, त्याखालचं 'चूक' आठवणार. त्यांनी ग्रुप उघडला.

डोळे मिटले. डोळे मिटले. डोळे मिटले. दंतवैद्याच्या वेळी शंभर होते, आज दीडशे. मुलानं लिहिलं, 'अहो, बघा तरी!' त्यावर डोळे मिटले. 'तुम्ही तिला मावशी म्हणायचात ना?' डोळे मिटले. कुणीतरी लिहिलं, 'मावशींच्या घरातून अशी अपेक्षा नव्हती.' नऊ वर्षं जपलेला शेवट आयता कसा वाचायचा? त्यापेक्षा तो न बघणं बरं, असं त्या जाणत्या वाचकांपैकी एकूण एकाला वाटलं.

जज्जसाहेबांनी चित्र पुसलं. मुलाला फाशी दिली. ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला. 'मावशींच्या मुलालाही सोडलं नाही! असा न्याय पाहिजे!' त्यांनी पाठ खुर्चीला टेकली आणि मोठा श्वास सोडला.

"मेलेल्या बाईला खोटं पाडलंत," बायको म्हणाली. त्या मुलाचा फोन स्पीकरवर होता, आणि लोटलेल्या दारातून तिला सगळं ऐकू आलं होतं.

"तुला नाही कळायचं त्यातलं."

"कळलं की. आंधळी आत्या." तिनं चष्मा पुसला. "आणि ते कपाटातलं बाडही कळलं. मी रोज कपाट पुसते. पण म्हटलं, कसली तरी जुनी पानं असतील. आज त्याच पुस्तकाचं नाव पानाच्या माथ्यावर वाचलं. माझ्याकडून सुटला होता म्हणे तो फर्मा."

"जुनी गोष्ट आहे ती."

"अकरा वर्षं तो माणूस माझ्यासमोर एक-दोन-तीन करत होता. मी रात्र रात्र आठवत बसायचे, कुठं पडला असेल, केरात गेला असेल का. तुम्ही शेजारी घोरत होतात." तिचा आवाज जराही चढला नाही. "मला घ्या त्या ग्रुपमध्ये."

"तुला? कशाला?"

"नाहीतर त्या मुलाला फोन लावते. नंबर उतरवून घेतलाय कॅलेंडरच्या मागे."

घेतलं त्यांनी. करतात काय? मुलीनं दिलेला जुना फोन तिच्याकडे होताच. ग्रुपवर आनंदीआनंद झाला. 'वहिनींचं स्वागत! जज्जसाहेबांना घरातच संशयित मिळाला!' वहिनींनी एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'नमस्कार. वाचनालयाच्या त्या प्रतीची शिलाई मी केली होती. तिची एक गोष्ट सांगायची आहे.'

हे वाचून कोण डोळे मिटणार? यात खुन्याचं नाव नव्हतं. दोनशे चाळीस माणसं एकदम सरसावून बसली. 'सांगा वहिनी! आत्ताच सांगा!'

जज्जसाहेब उभे होते. "अगं, काय हवंय तुला? माफी मागू? मागतो."

बायकोनं त्यांच्याकडे चष्म्यावरून बघितलं, बराच वेळ. मग लिहिलं, 'सांगेन सावकाश.'

याला आता पाच महिने झाले. वहिनी रोज सकाळी चष्मा लावून ग्रुप उघडतात. जज्जसाहेबांच्या फोनवर अक्षरं उमटतात, 'वहिनी लिहीत आहेत'. ते मिनिट, दोन मिनिटं तसंच राहतं. जज्जसाहेब श्वास धरून बसतात. मग ते जातं आणि वहिनींचं 'शुभ सकाळ' येतं. लोक म्हणतात, वहिनी, गोष्ट राहिली! वहिनी हसरा चेहरा पाठवतात. त्यांच्याइतकी वाट आता ग्रुपमध्ये कुणाचीच बघितली जात नाही, आणि त्यांना ते आवडू लागलंय.

मावशींचं नाव मात्र त्या घरात पुन्हा निघालं नाही. वर्ष संपलं तेव्हा कॅलेंडर बदललं, आणि मुलाचा नंबर मागे लिहिलेलं जुनं कॅलेंडर वहिनींनी स्वतःच्या हातानं रद्दीत टाकलं.

"चहात साखर कमी आहे," त्या फोनवरून नजर न काढता म्हणाल्या.

जज्जसाहेब उठले आणि डबा घेऊन आले.