ज्याची किल्ली, त्याच्या खिशात

कारखान्याच्या देखभाल विभागात एक नियम होता, आणि फोरमनने आपल्या सबंध नोकरीत तो एकदाही मोडू दिला नव्हता. यंत्राच्या पोटात शिरून काम करायचे असेल, तर आत जाणाऱ्या प्रत्येकाने मुख्य स्विचच्या भोकांच्या पट्टीत आपापले कुलूप अडकवायचे आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. शेवटचे कुलूप निघेपर्यंत यंत्र सुरू होत नसे. दुसऱ्याच्या किल्लीला हात लावायचा नाही. कुलूप कापायचे ते एकाच परिस्थितीत: त्याचा धनी आत नाही आणि परत येण्यासारखाही नाही, अशी फोरमनने स्वतः खात्री करून घेतल्यावर. त्याआधी यंत्राच्या दारात वाकून हाक द्यायची, "आत कोण आहे?" काम संपतानाही ही हाक असेच. वायरमन आत असला की ठरलेले उत्तर येई, "तुझा सासरा आहे. थांब जरा."

हा नियम परदेशाच्या प्रवासात शिरला तो वेल्डरमुळे.

फोरमन, वेल्डर, वायरमन आणि ड्राफ्ट्समन हे त्या विभागातले चार मित्र. त्यातला ड्राफ्ट्समन निवृत्तीनंतर मुलीकडे परदेशी जाऊन राहिला होता. त्याच्या फुप्फुसांनी आता हात टेकले होते. एके दिवशी फोरमनला मुलीचाच फोन आला, "काका, बाबा सारखी तुमची आठवण काढतात. यायचं असेल तर आता या." तिघांनी घरच्यांचे न ऐकता तिकिटे काढली. परवडणारे विमान शेजारच्या देशात उतरणार होते. तिथे एक मुक्काम, मग बसने सीमा ओलांडून ड्राफ्ट्समनच्या गावी.

वेल्डरने पूर्वी एका सहलीत कागदपत्रांची पिशवी बाकड्यावर विसरून सगळ्यांना माघारी आणले होते, आणि त्याची बायको ती गोष्ट अजून व्याह्यांनाही सांगत असे. या वेळी त्याने पत्र्याची पेटी स्वतः जोडून आणली. झाकणाला कारखान्यातल्यासारखीच भोकांची पट्टी. "आता तिघं असल्याशिवाय ही उघडणार नाही," तो म्हणाला. "माझ्या बायकोला सांगा, एकट्याने घालवायची सोयच ठेवली नाही." कुलपेही कारखान्यातलीच होती, निवृत्तीच्या दिवशी विभागाने ज्याची त्याला दिलेली. वायरमनचे लाल रंगाचे. प्रत्येकाला एकच किल्ली. दुसरी मुद्दामच केलेली नसे.

विमानतळावरून मुक्कामाच्या खोलीवर आल्यावर पासपोर्ट पेटीत गेले, कुलपे लागली, आणि वेल्डर आंघोळीला गेला. वायरमनने आपली किल्ली तळहातावर धरून फोरमनपुढे केली.

"तुझ्याकडे ठेव."

"का?"

"ठेव की. माझ्याकडून हल्ली जरा इकडचं तिकडे होतं."

"ज्याची किल्ली, त्याच्या खिशात," फोरमन म्हणाला. "म्हातारपणी नियम शिकवायला लावतोस का मला?"

वायरमन हसला. "बरं बाबा, हेडमास्तर," म्हणत त्याने मूठ मिटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीचा फोन आला. "बाबा आज बोलताहेत, काका. उद्याचं मला सांगता येत नाही." फोरमनने "दुपारपर्यंत पोचतो" असे सांगितले आणि सामान आवरायला घेतले. बसचा चालक पासपोर्ट पाहिल्याशिवाय चढू देणार नव्हता, म्हणून पेटी पलंगावर आली. फोरमनने आपले कुलूप काढले. वेल्डरने काढले. वायरमन खिसे चाचपू लागला.

आधी सदऱ्याचे, मग पँटचे, मग पुन्हा सदऱ्याचे. चेहऱ्यावर तेच हसू होते, पण बोटे त्या हसण्याबरोबर चालत नव्हती. बॅग उलटी करून झाली. गादी उचलून झाली. बुटांत, औषधांच्या डबीत, बायकोने विणलेल्या मफलरच्या घडीत, सगळीकडे पाहून झाले.

"रात्री कुठं ठेवलीस ते आठव," वेल्डर म्हणाला.

"आठवतंय की. मी ह्याला दिली." वायरमनने फोरमनकडे बोट केले. "दिली ना तुला?"

फोरमनने स्वतःचे खिसे तपासले नाहीत. ते रिकामे का आहेत, हे त्याला पक्के ठाऊक होते.

"मी घेतली नाही रे," तो म्हणाला.

वायरमन त्याच्याकडे पाहत राहिला. मग "हो का," म्हणाला आणि न्हाणीघरात जाऊन दार लावून घेतले.

तेव्हा एकेक गोष्ट फोरमनच्या ध्यानात येऊ लागली. विमानात वायरमनने सासऱ्याच्या म्हशीचा किस्सा सांगितला होता, आणि खाणे येऊन गेल्यावर तोच किस्सा त्याच उत्साहाने पुन्हा. काल संध्याकाळी तो दुसऱ्याच खोलीच्या दाराशी उभा राहून कडी हलवत होता. निघताना त्याची बायको म्हणाली होती, "भावोजी, ह्यांच्याकडे लक्ष असू द्या." असे सगळ्याच वहिनी म्हणतात, म्हणून त्याने मान हलवली होती. ती मात्र उंबऱ्यातच उभी राहिली होती, आणखी काही विचारले जाईल या आशेने.

वेल्डर जवळ आला. आवाज खाली आणून म्हणाला, "कोपऱ्यावर गाड्या दुरुस्तीचं दुकान आहे. करवत मिळेल. तो बाहेर यायच्या आत मी कापून आणतो. किल्ली गादीखाली सापडली म्हणून सांगू."

"नाही."

"अरे, बस चुकली तर पुढची उद्या. तिकडे तो श्वास मोजतोय आणि तू कायदा काढून बसलास?"

"त्याच्या पाठीमागे त्याचं कुलूप कापायचं नाही."

"त्याच्या समोर कापलंस तर काय होईल कळतंय का तुला? त्या कुलपाचा अर्थ त्याला तुझ्याइतकाच माहीत आहे."

फोरमनला कळत होते. कारखान्यात फक्त एकदा त्याने कुलूप कापण्याची परवानगी दिली होती, आणि त्या कुलपाच्या धन्याला ते सगळे आदल्या दिवशी स्मशानात पोचवून आले होते. ड्राफ्ट्समनला शेवटचे भेटायचे असेल, तर आज वायरमनला जिवंतपणी गैरहजर ठरवावे लागणार होते. गादीखालच्या किल्लीची थाप मारणे सोपे होते. पण वायरमनने ज्या एका माणसाजवळ आपले खरे दुखणे अर्धेमुर्धे का होईना सांगितले, त्यानेच त्याला फसवले असते. आणि त्याने ते ओळखले असते. माणूस वस्तू विसरत होता, मित्रांचे चेहरे वाचायला अजून विसरला नव्हता.

न्हाणीघराचे दार उघडले. "चला," फोरमन म्हणाला. "पेटी घ्या. तिघंही चला."

दुकानात तेलाचा आणि जळक्या रबराचा वास होता. तो वास नाकात जाताच तिघांचेही खांदे जरा सैल झाले. तिथल्या मेकॅनिकला त्यांची भाषा येत नव्हती, पण वेल्डरने पेटी आणि कुलूप दाखवताच त्याने विनातक्रार लोखंड कापायची करवत पुढे केली आणि टेबलावरचा लोखंडी पकडीचा शेगडा मोकळा करून दिला. वेल्डरने पेटी शेगड्यात आवळली. लाल रंगावर करवतीचे पाते टेकले आणि तो थांबला.

"तू सांगशील तेव्हा," तो फोरमनला म्हणाला.

इतक्या वर्षांच्या सवयीने फोरमनची कंबर आपोआप वाकली, तोंड पेटीजवळ गेले, आणि ती हाक निघाली.

"आत कोण आहे?"

वेल्डरने मान दुसरीकडे वळवली. वायरमन पेटीकडे पाहत होता. त्याचे ओठ हलले. जुने उत्तर येणार असे वाटले.

"कोणी नाही," तो शांतपणे म्हणाला. "काप."

कडी जुन्या घडणीची होती, कापायला वेळ लागला. मेकॅनिकने काही घेतले नाही. वायरमनने कापलेले कुलूप उचलले, पाते घासल्याने ते गरम होते, म्हणून या हातातून त्या हातात झेलत मफलरमध्ये गुंडाळले आणि बगलेत धरले. बस मिळाली. सबंध वाटेत सासऱ्याच्या म्हशीचा किस्सा निघाला नाही, आणि फोरमनला तो निघावा असे फार वाटत राहिले.

ड्राफ्ट्समन जागा होता. उशांना टेकवलेला, नाकाला नळी, बोटे अजून पेन्सिल धरल्यासारखी वळलेली. मुलगी खुर्च्या देऊन बाहेर गेली. त्याने तिघांकडे पाहिले, श्वास गोळा केला आणि म्हणाला, "वजनं वाढलीत नालायकांनो." वेल्डर हसता हसता डोळे पुसू लागला.

वायरमनने मफलर उलगडून कुलूप चादरीवर ठेवले. ड्राफ्ट्समनने ते हातात घेतले, कापलेल्या कडीवरून अंगठा फिरवला. त्याला समजावून सांगायची गरज नव्हती.

"कुणाचं?"

फोरमन तोंड उघडणार, तोच वायरमन म्हणाला, "माझं."

"मग तू होतास कुठं?"

"तेच शोधतोय," वायरमन म्हणाला.

ड्राफ्ट्समनने कुलूप खाली ठेवले आणि त्याचा हात धरला. मग म्हणाला, "मीही निघालोच आहे. पण माझा रस्ता सरळ आहे रे. तुझा वळणावळणाचा." आणि फोरमनकडे पाहून, धाप लागत, "ह्याला एकटा सोडू नकोस."

त्याच रात्री ड्राफ्ट्समनची शुद्ध हरपली, आणि दोन दिवसांनी तो गेला. तिघांनी मुलीबरोबर त्याला निरोप दिला आणि परतीची तयारी केली. पासपोर्ट पुन्हा पेटीत ठेवताना वेल्डरने गावातून आणलेले साधे नवे कुलूप पट्टीत अडकवले आणि किल्ली वायरमनच्या हातात दिली.

वायरमनने ती तळहातावर ठेवून जराशी हलवली, जणू तिचे वजन पाहत होता. मग हात फोरमनपुढे केला. तो पूर्वीही असा उभा होता, हे त्याला आठवत होते की नाही, कोण जाणे.

फोरमनने किल्ली घेतली आणि स्वतःच्या किल्लीजवळ, सदऱ्याच्या खिशात टाकली. घरी पोचेपर्यंत चालताना त्या दोघी एकमेकींवर वाजत राहिल्या.